मधली खोली

मी विसरणारी बाई नाही. लोक म्हणतात, "वंदनाताई, जाऊ द्या आता, जुनं झालं." जुनं झालं म्हणून काय झालं? लोणचं बी जुनंच होते, अन् जितकं मुरते तितकं जास्त झोंबते.

म्हणून माझा भाऊ बंटी एका रविवारी हातात नकाशाची गुंडाळी अन् बगलेत साडीचा डबा घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मले असा आनंद झाला म्हणून सांगू! बंटी म्हणजे काही लहान पोरगा नाही. चाळिशी उलटली, पोट सुटलं, टाइल्सचं स्वतःचं दुकान आहे. पण आमच्या नागपुरात एकदा बंटी नाव पडलं की माणूस मरेपर्यंत बंटीच राहते. इतक्या वर्षांत तो हिंगण्याले माझ्या भाड्याच्या घरी कधी आला नव्हता. राखी मी पोस्टानं पाठवायची, तो फोनवर "मिळाली" म्हणायचा, संपलं. आईले भेटाचं तर दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर. मानेवाड्याच्या त्या घरात मी पाय ठेवला नव्हता, अन् ठेव म्हणून कोणी म्हटलंही नव्हतं.

"ये गा," मी म्हटलं. "बस. चहा ठेवते."

तो काहून आला ते मले माहीत होतं. आमचे बाबा, मधुकरराव, गेल्यापासून ते कवेलूच्या छपराचं जुनं घर आई, बंटी अन् मी, तिघांच्या नावानं होतं. बंटीले ते पाडून तिथं चपट्या छताचं नवं घर बांधायचं होतं, अन् बँक त्याले म्हणत होती की बहिणीचं हक्कसोडपत्र आणा, मग कर्जाचं बोलू. आता आमच्याकडं या सहीची रीतच आहे. भाऊ बहिणीले घरी बोलावते, पाय धुते, पुरणपोळी खाऊ घालते, साडी देते, अन् बहीण खुशीखुशी सही करून देते. जी सही करते तिचं माहेर उघडं राहते. जी हिस्सा मागते तिच्यासाठी दार बंद, अन् गावभर नाव होते ते वेगळं. माझ्या आत्यायनं अशाच सह्या केल्या, चुलतबहीण यमुताईनंही केली अन् साडी सगळ्यायले दाखवत फिरली. पण माझं माहेर तर आधीच बंद करून झालं होतं. मी कायले भ्याव?

ते बंद कसं झालं ते सांगते, म्हणजे तुम्ही मले उगाच खाष्ट म्हणणार नाही.

मिनल, माझी पोरगी, तेव्हा कडेवर होती. मौद्याले माझं सासर. नवरा पॉवर प्लांटच्या एका ठेकेदाराकडं कामाले होता, दारू प्याचा अन् हात उचलायचा. मे महिन्याच्या शेवटचे, नवतपाचे दिवस होते, रस्त्याचं डांबर चपलेले चिकटत होतं, अन् मी पोरीले घेऊन एसटीनं नागपूरले आली. ओठ फाटला होता, तो पदरानं झाकला होता. बंटीचं लग्न नुकतंच झालं होतं. समोरच्या खोलीत त्याची बायको श्वेता हिच्या माहेरून आलेला सोफा प्लास्टिकच्या पन्नीसकट ठेवला होता अन् तिचे मायबाप त्याच्यावर बसून सरबत पिऊन राहिले होते. मागच्या खोलीत आई पाहुण्यायच्या जेवणासाठी सरगुंडे वळत होती. मले तिची फक्त पाठ दिसत होती. बंटी दारात आला, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आत गेला, परत आला अन् हळूच म्हणाला, "ताई, घरात जागा नाही वं. तू जा आता."

जागा नाही! सोफ्याले जागा होती. सोफ्याच्या पन्नीले जागा होती. मले अन् माझ्या लेकराले नव्हती. पाणी द्याचंही त्याले सुचलं नाही. गाडीवर बसवून मले बस स्टँडवर सोडलं अन् गेला. मी मौद्याले परत गेली, अन् त्याच महिन्यात नवऱ्यानं असं मारलं की माझा डावा कान गेला तो गेलाच. पुढं मी त्याले सोडलं, हिंगण्याले आली, पॅकिंगच्या कारखान्यात लागली, पोरीले शिकवलं. कोणाचं देणं लागत नाही. पण आजही कोणी डाव्या बाजूनं बोललं की मले मान वळवावी लागते, अन् दर वेळी मान वळवताना मले बंटीचं ते "जागा नाही" आठवते.

आईले मी कधी दोष देला नाही. बाबा गेलेले, नवी सून घरात आलेली, पोराच्या राज्यात त्या बिचारीचं काय चालणार होतं? दोष बंटीचा. अन् मले पाहिजे होती एकच गोष्ट. ज्या घरात मले जागा नव्हती त्या घरात माझी जागा, अशी की बंटीच्या डोळ्यात ती रोज सलली पाहिजे.

"ताई, बस एक सही," चहा पिता पिता बंटी म्हणाला अन् साडीचा डबा पुढं सरकवला. "पुढच्या रविवारी जेवाले ये. श्वेता पुरण घालणार आहे."

"सही करीन ना," मी म्हटलं. "काहून नाही करणार? पण आधी घर तर दाखव."

त्याचा चेहरा असा खुलला! नकाशा माझ्या फरशीवर पसरला, कोपऱ्यांवर माझेच डबे ठेवले अन् गुडघ्यावर बसून सांगाले लागला. एकदम मॉडर्न, बॉक्स टाइप, वर चपटी गच्ची, काचेचं रेलिंग. हा हॉल, हे ओपन किचन, ही आमची मास्टर बेडरूम, तिले जोडून श्वेताचं ड्रेसिंग. ही गोलूची, म्हणजे त्याच्या पोराची. हे माझं ऑफिस, ही गेस्टरूम, अन् मागं सावलीत मोठी खिडकी असलेली ही आईची.

"अन् माझी?" मी विचारलं.

"काय तुझी?"

"खोली."

तो हसला. "अवं ताई, गेस्टरूम तुझीच ना! केव्हाही ये."

"बाबाच्या घरात मी गेस्ट आहे का बंटी?"

आता हसू थांबलं. मी डबे उचलले तसा नकाशा आपोआप गुंडाळला गेला. साडीचा डबा त्याच्या बगलेत परत देला अन् म्हटलं, "माझी खोली टाकून आण. मग सहीचं पाहू."

ती गंमत मी तुम्हाले कशी सांगू! दुसऱ्या रविवारी तो नवीन नकाशा घेऊन आला, सोबत नकाशा काढणारा इंजिनियर प्रीतम. भला माणूस, बोलणं मोजकं. माझी खोली टाकली होती खरी, पण कुठं? वर, गच्चीच्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या कोपऱ्यात. नागपुरातल्या माणसाले यापुढं काही सांगाची गरज नाही. मे महिन्यात चपट्या स्लॅबखालची पश्चिमेची खोली म्हणजे रात्री बारा वाजताही भिंतीले हात लावाची सोय नाही, पंखा लावला तर तव्यावरची हवा अंगावर येते.

"काय गा बंटी," मी म्हटलं, "पापड भाजाले देऊन राहिला का मले ही खोली?"

"ताई, व्ह्यू चांगला आहे तिकडून."

"मग तू राहा व्ह्यूमध्ये. मले खालती पाहिजे, पूर्वेकडं."

प्रीतम म्हणाला, "ताई, प्लॉट तेवढाच आहे. एकीकडं वाढवलं की दुसरीकडून काढाव लागते."

"मग काढा ना! श्वेताच्या ड्रेसिंगमधून काढा," मी म्हटलं. तो नकाशा गुंडाळून उठला.

पुढच्या खेपेले खोली खालती आली. मी म्हटलं, बाथरूम जोडून पाहिजे. ते झालं. मी म्हटलं, खोली लहान आहे, वाढव. तेही झालं. मग मी म्हटलं, समोरच्या भिंतीले कूलरची खिडकी पाहिजे, मोठ्या कूलरची. बंटीनं कपाळाले हात लावला.

"ताई, एलिव्हेशनची वाट लागेल! समोरून पत्र्याचा कूलर लटकलेला कसा दिसेल? मी तुले एसी लावून देतो ना."

"एसीनं माझं डोकं दुखते," मी म्हटलं. जन्मात कधी एसीत झोपली नव्हती मी, पण त्याचं तोंड पाहून असं वाटलं की खरंच दुखत असेल. झक मारून त्यानं खिडकी टाकली.

कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी त्याच्या घराच्या भिंती सरकवत होती. पॅकिंगच्या मशीनवर डबे पुढं चालले आहेत अन् मी मनात जिना इकडून तिकडं नेऊन राहिली. बाजूच्या बाया विचारायच्या, "वंदनाबाई, काय एकटीच हसून राहिल्या?" मी म्हणायची, "घर बांधून राहिली." एवढी वर्षं पोटात घेऊन फिरत होती ते सगळं आता बंटीच्या कागदावर उतरत होतं. तो दर वेळी थोडा बारीक होऊन यायचा, अन् मले त्या रात्री छान झोप लागायची.

अन् मग मले खरी गोष्ट सुचली.

"बंटी," मी फोन केला, "मले कोपऱ्यातली नको. मधली पाहिजे. घराच्या मधोमध."

फोन श्वेतानं घेतला. "ताई, तुम्ही मोठ्या आहात, पण असं कसं करता? ते ब्रह्मस्थान आहे. वास्तूप्रमाणे घराचा मध्य मोकळा ठेवावा लागतो. तिथं कोणी राहत नसते."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. "मी तरी कुठं राहाले येणार आहे? खोली मोकळीच राहीन. बाहेरून कुलूप राहीन अन् चाबी माझ्याजवळ. दर नवतपात मी येईन, कुलूप उघडीन, थोडा वेळ बसीन अन् परत लावून जाईन."

मले तिचा श्वास ऐकू येत होता, उजव्या कानानं, साफ.

मिनल सुट्टीवर आली होती, ती आता वर्ध्याले नर्स आहे. तिनं हे सगळं ऐकलं अन् म्हणाली, "आई, राहणार नाहीस तर खोली कशाले?"

"त्यायनं हॉलमधून किचनमध्ये जाताना रोज त्या कुलपाले वळसा घालून जावं म्हणून."

"अन् त्यानं तुले काय मिळणार?"

"कलेजे को ठंडक," मी म्हटलं. तिले तो दिवस आठवत नाही, ती कडेवर झोपली होती.

मले वाटलं होतं बंटी आता तरी भांडीन, ओरडीन, मले कोर्टात खेचतो म्हणीन. पण चार दिवसांनी त्याचा फोन आला. "ठीक आहे ताई. मधली घे." एवढंच. मले थोडं चुकल्या-चुकल्यासारखं झालं, खोटं काहून बोलू. पण मग समजलं की त्याले इलाज नव्हता. बहिणीची सही कुठं जाते, या भरवशावर त्यानं जुनं घर आधीच पाडून टाकलं होतं! सगळे जण जवळच भाड्यानं राहत होते. चांगलं झालं, मी म्हटलं, आता समजू दे भाड्याचं घर काय असते ते.

सहीचा दिवस ठरला. मी अट घातली की रजिस्ट्रीच्या ऑफिसात जायच्या आधी मले माझी खोली जमिनीवर पाहाची आहे. कागदाचा मले भरवसा नाही. खरं सांगाचं तर पहिला नकाशा सोडला तर कागदावर मी दर वेळी फक्त माझीच खोली पाहिली होती. बाकीच्या घराचं मले काय करायचं होतं?

सकाळी मी मानेवाड्याले पोचली तर प्लॉट ओळखू येईना. कवेलू नाही, भिंती नाहीत, मागचा शेवगा तेवढा उभा. प्रीतमनं सपाट केलेल्या जमिनीवर दोरी ताणून चुन्यानं सगळं घर आखलं होतं. पांढऱ्या रेघा, त्यायच्यात दारांसाठी सोडलेल्या फटी. बंटी छत्री घेऊन उभा होता. श्वेता आईले ऑटोतून उतरवत होती, कारण सही आईचीही लागणार होती.

"ही घ्या ताई तुमची," प्रीतम म्हणाला.

मी दाराच्या फटीतून आत गेली, मधोमध जाऊन उभी राहिली. माय वं, केवढी खोली! हात पसरले तरी भिंत लागेना. एका बाजूले हॉल, एका बाजूले किचन, अन् मधात मी. छाती अशी भरून आली की वाटलं, आत्ताच कुलूप घेऊन येऊ. मग मले त्यायचं नुकसान पाहाची घाई झाली. मी रेघा ओलांडत निघाली. मास्टर बेडरूम पाहिली. मोठीच होती. ड्रेसिंग होतं तसंच होतं. गोलूची खोली तशीच. बंटीचं ऑफिस तसंच. मी थांबली.

"अन् आईची कुठे आहे?"

बंटी छत्रीच्या दांड्याकडं पाहत होता. प्रीतमनं बोट दाखवलं. जिन्याखाली एक अरुंद पट्टा होता. पहिल्या नकाशात तिथं इन्व्हर्टर ठेवाची जागा लिहिली होती, हे मलेही आठवत होतं.

तेवढ्यात आई काठी टेकत आली, माझ्याकडं न पाहता सरळ त्या पट्ट्यात जाऊन उभी राहिली अन् म्हणाली, "इंजिनियर बापू, माही खाट मावते ना इथं?"

"मावते आजी," प्रीतम म्हणाला. "फक्त दार बाहेरच्या बाजूनं उघडावं लागेल. आत उघडलं तर खाटेले लागते."

माझं डोकं फिरलं. बंटीच्या हातातली छत्री ओढून मी फेकून देली. "लाज नाही वाटत तुले? आईले जिन्याखाली टाकून राहिला? मी मागितलं ते तुझ्यातून मागितलं होतं! बायकोचं ड्रेसिंग काटता आलं नाही तुले? ऑफिस काटता आलं नाही? जल्लाद आहेस तू, तेव्हाही होतास अन् आजही आहेस!"

"ताई, ऐक तर—"

"काय ऐकू? बंटी, आता तू ऐक. हा प्लॉट तिघांचा आहे. आई अन् मी मिळून दोन वाटे, तुझा एक. आई, तू सही करू नको. दोघी मिळून अर्ज करू, वाटे पाडू. याच्या वाट्याले एवढी चिंधी येईन की त्याच्यावर गाडी उभी कराची की घर बांधाचं हे त्यानं ठरवावं. चल आई."

मी तिचा हात धरला. खरं सांगते, त्या घडीले माझ्या अंगात असा जोर आला होता की मी एकटीनं शेवगा उपटला असता. श्वेता रडाले लागली. बंटी पांढराफटक. मले पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं, अन् वरून जास्तीचं.

आईनं हात सोडवून घेतला.

"त्यानं नाही काटली," ती म्हणाली. "मीच म्हटलं त्याले. दर खेपेले तो माथा धरून बसे, अन् मी म्हणो, माहीतून काट. तिले दे. तिले जे पाहिजे ते दे."

"काहून?"

"सोड ना आई आता," बंटी म्हणाला. "काहून काढून राहिली ते?"

"काढू दे बंटी. लय वर्सं झाले." आई जिन्याखालच्या त्या पट्ट्यातच उभी होती, दोन्ही हात काठीवर. "वंदे, त्या दिवशी तो आत आला अन् म्हणे, आई, ताई आली हाये, तिचं तोंड फुटलं हाये, समोरची खोली तिले देऊन टाकू. मी म्हटलं, नाही. मी म्हटलं, जाऊन सांग तिले, जागा नाही. तो आयकेना तं मी माहीच शपथ घातली त्याले."

मले वाटलं, डाव्या कानानं काही चुकीचं ऐकलं. पण ती माझ्या उजव्या बाजूले होती.

"तू?" मी म्हटलं.

"मीच. नव्या सुनेचे मायबाप बसले होते. मले वाटलं, आज आत घेतली तं पोरगी कायमची माघारी बसते. लोकं थुंकतीन. अन् मले वाटलं, मार कोणाले नाही पडत? तुह्या बापानं मले काय कमी मारलं? मी नांदलीच ना. तूही नांदशीन."

बाबा? आमचे बाबा? त्यायच्या फोटोले मी आजही घरी हार घालते. मी बंटीकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, म्हणजे त्यालेही माहीत होतं. म्हणजे एवढी वर्षं हा माणूस माझ्या शिव्या खात राहिला, राखी घेत राहिला अन् आईचं नाव एकदाही सांगलं नाही. त्याचा मले राग आला, अन् तो राग कुठं ठेवाव ते समजेना. मशीन बंद पडल्यावरही हात आपोआप पुढं जातो, तसं माझं झालं होतं.

आई म्हणाली, "तुहा कान गेला ते मले समजलं तेव्हापासून मी एक रात नीट झोपली नाही. म्हणून म्हणते, मले इथंच राहू दे. माही जागा हेच हाये."

माझ्या मनात काय आलं ते सांगू? पहिली गोष्ट आली ती अशी, की बरं झालं. राहा तिथं. दार बाहेरून उघडणाऱ्या त्या फटीत तू राहा, अन् माझी खोली कुलूप लावून मोकळी राहू दे, अन् येता-जाता पाहत राहा कोणाची खोली केवढी आहे ते. माझ्या सगळ्या कारस्थानानं, मले न सांगता, बरोब्बर माणूस शोधून काढला होता. नवस न बोलता फळला होता. मी फक्त सही करायची होती अन् गप्प राहाचं होतं.

मग मी तिच्याकडं पाहिलं. ती तिथं उभी होती अन् तिच्या तोंडावर समाधान होतं. हो, समाधान! उपास सोडणाऱ्या बाईसारखं. तिनं स्वतःच स्वतःले शिक्षा ठोठावली होती, स्वतःच भोगणार होती, अन् मरताना म्हणणार होती की फिटलं बाबा एकदाचं. असं कसं फिटते? माझा कान गेला अन् शिक्षा ठरवणार ही?

"इकडं ये," मी म्हटलं.

"राहू दे वं—"

"इकडं ये म्हणून राहिली ना मी!"

मी तिले दंडाले धरून तिथून बाहेर काढलं. चुन्याच्या रेघांवरून तिच्या चपला फरफटत आल्या अन् रेघा पुसल्या गेल्या. प्रीतम "अहो ताई, आखणी" म्हणून ओरडला, तिकडं मी पाहिलं नाही. तिले मी मधल्या खोलीत आणून उभी केली, बरोबर मधात.

"इथं राहाचं तू," मी म्हटलं. "घराच्या मधोमध, सगळ्यायच्या डोळ्यासमोर. बंटी, खोली आईच्या नावानं लिही, तिच्यामागं माझ्या. कूलरची खिडकी समोरच राहीन, तिथून पाइपानं हवा या खोलीत आण, एलिव्हेशन गेलं खड्ड्यात. जिन्याखाली तुझा इन्व्हर्टर ठेव. हे लिहून होईन तेव्हाच माझी सही."

"लिहितो ताई," बंटी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू म्हणशील तसं."

श्वेतानंही मान हलवली. ब्रह्मस्थानाचं नाव तिनं काढलं नाही.

आईनं विचारलं, "वंदे, माफ केलं का मले?"

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यायनं ऐका. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ते तोंडावर पाणी मारल्यासारखं समाधान नको मले तुझ्या तोंडावर. मी या घरी येईन, मनात येईन तेव्हा येईन. सणाले येईन, बिनासणाची येईन. बेल वाजवीन, अन् दार तू उघडायचं. श्वेता नाही, बंटी नाही, गोलू नाही. दर वेळी तूच उठायचं, तूच यायचं, माझ्या तोंडाकडं पाहाचं अन् म्हणायचं, ये, जागा आहे."

आईनं मान खाली घातली. मले वाटलं रडीन, पण रडली नाही. मग हळूच म्हणाली, "माहे गुडघे गेले वं. मले खाटेवरून उठून दारापावेतो याले लय वेळ लागते."

"लागू दे," मी म्हटलं. "मी दारात उभी राहीन. मले सवय आहे."